पुण्याच्या रेसकोर्सवर एक नागपूरकर

आमच्या नागपुरात पैज लावण्याची हौस मुबलक आहे, घोडे तेवढे नाहीत. क्रिकेटचा मोठा सामना असला की पानठेल्यावर 'लगवाडी' (पैज लावणे) आणि 'खायवाडी' (समोरच्याची पैज घेणे) हे शब्द हलक्या आवाजात ऐकू येतात आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात कुठल्याशा फ्लॅटवर पडलेल्या धाडीची बातमी जप्त मोबाइलांच्या संख्येसह छापून येते. घोड्यांच्या शर्यती मात्र मुंबई, पुणे, हैदराबाद, बंगळूर, म्हैसूर, कोलकाता, दिल्ली अशा मोजक्या शहरांतच होतात. त्यांपैकी हैदराबाद आम्हाला त्यातल्या त्यात जवळ आहे. पण तिथे माझा साळा राहत नाही, तो पुण्यात राहतो.

मी सरकारी लेखा विभागात बिले तपासता तपासता निवृत्त झालेला मनुष्य आहे आणि स्वतःला रेसवाला म्हणवून घेण्याचा मला काहीच अधिकार नाही. वर्षातून एखाद्या वेळी, तेही पुण्याला जाण्याचे दुसरे काही निमित्त असेल तरच, मी तिथल्या रेसकोर्सवर एक दुपार घालवतो. पुण्याचा हंगाम पावसाळ्यात, साधारण जुलैत सुरू होतो. तो संपला की घोडे, जॉकी, ट्रेनर आणि त्यांच्या मागोमाग नेहमीची मंडळी मुंबईच्या महालक्ष्मीकडे वळतात. मी सांगतो आहे तो मागच्या ऑगस्टमधला एक रविवार. पोळा तोंडावर आला होता, त्यामुळे तान्ह्या पोळ्यासाठी नातवाचा लाकडी बैल रंगवायचा सोडून हा माणूस घोडे पाहायला निघाला, अशी तक्रार घरातून निघताना माझ्या पाठीवर आलीच.

घोड्यांतले आपल्याला थोडेफार कळते असा माझा जो समज होता, त्याचे मूळ बैलांत होते. आमचे गाव धामणगाव रेल्वेच्या बाजूचे, आणि तिथून जवळच्या तळेगाव दशासरचा शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, ही आमच्या लहानपणीची वर्षातली सर्वांत मोठी गोष्ट. आजोबांनी स्वतःची जोडी पटात उतरवली ती दोन-तीनदाच. परंतु दुसऱ्यांच्या जोड्यांविषयी बोलण्याचा त्यांचा अधिकार पंचक्रोशीने मान्य केलेला होता. बैलाला ते आधी समोरून पाहतच नसत. मागे उभे राहून मांडी पाहायची, मग बाजूला येऊन श्वास घेताना बरगडी कशी हलते ते पाहायचे आणि सर्वांत शेवटी डोळा. "जनावर पयते मांडीवर, पन जितते डोयावर," असे ते सांगत. पुढे २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पट बंद झाले, डिसेंबर २०२१ मध्ये त्यांना पुन्हा परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. हे सगळे पाहायला आजोबा नव्हते. त्यांचा डोळा मात्र माझ्याकडे वारशाने आला आहे, अशी माझी त्या रविवारी दुपारी दोन वाजेपर्यंत खात्री होती.

गाडी सकाळी पुण्याला पोहोचली. साळ्याकडे आंघोळ आणि जेवण उरकून आम्ही दोघे रिक्षाने निघालो. रेसकोर्सला लागूनच एम्प्रेस गार्डन आहे, आणि नागपूरच्या माणसाला ते नाव वाचून क्षणभर थबकल्यासारखे होते, कारण आमची एम्प्रेस मिलही त्याच सम्राज्ञीच्या नावाची होती; १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केले त्याच दिवशी, जमशेटजी टाटांनी ती सुरू केली. पुण्यात बाग राहिली, आमच्याकडे मिलच्या जागी मॉल उभा राहिला.

खिशात मोजून पंधराशे रुपये ठेवायचे आणि पाकीट साळ्याच्या कपाटात ठेवून निघायचे, हा माझा नियम आहे. घरच्या जमाखर्चाच्या वहीत हे पैसे मी 'करमणूक' या सदरात निघण्यापूर्वीच खर्ची टाकतो. असे केले म्हणजे जे परत येते ते उत्पन्न वाटते आणि जे येत नाही त्याचे दुःख आधीच होऊन गेलेले असते.

पुण्याचे रेसकोर्स लष्कराच्या जमिनीवर आहे आणि मुंबईच्या महालक्ष्मीपेक्षा ते वयाने बरेच मोठे आहे. महालक्ष्मीचे मैदान १८८३ चे, पुण्याचे १८३० च्या सुमाराचे. दोन्हीकडच्या शर्यती रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब चालवतो. पुण्यात गर्दी महालक्ष्मीच्या मानाने घरगुती वाटते. प्रवेशाचे तिकीट काढून आत गेलो की पहिली खरेदी रेसबुकाची. त्या छोट्या पुस्तकात प्रत्येक घोड्याचे आईबाप, वय, रेटिंग, आज पाठीवर असणारे वजन, जॉकी, ट्रेनर, गेटचा क्रमांक आणि मागच्या शर्यतींचा सगळा हिशेब बारीक अक्षरांत दिलेला असतो. बाकांवर बसलेली वयस्कर मंडळी ते पुस्तक ज्या रीतीने वाचतात, ती रीत मला ओळखीची आहे. ऑडिटच्या आदल्या दिवशी आमच्या कार्यालयात कॅशबुक असेच वाचले जात असे, ओठ मिटून आणि पेन्सिल हातात ठेवून.

मी पुस्तक घडी करून खिशात घातले आणि पॅडॉकच्या कठड्याशी जाऊन उभा राहिलो. शर्यतीपूर्वी घोड्यांना इथे गोल फिरवतात, आणि खरे सांगायचे तर मी रेसकोर्सवर जातो ते मुख्यतः या दहा-पंधरा मिनिटांसाठी. पाऊस नुकताच थांबलेला होता. लगामाला धरून चालणाऱ्या मोतद्दाराच्या बुटांचा चिखलातला आवाज येत होता, पण घोड्याच्या पावलांचा जवळजवळ नाही. थरोब्रेड या शर्यतीच्या जातीच्या घोड्याची कातडी इतकी पातळ असते की तिच्याखालच्या शिरा नकाशावरच्या नद्यांसारख्या दिसतात, आणि माशी बसली तर तेवढीच जागा थरथरते. मी आजोबांच्या पद्धतीने मागे जाऊन मांड्या पाहिल्या, बरगड्या पाहिल्या, आणि सहा नंबर निवडला. तो तपकिरी होता, सर्वांपेक्षा बोटभर उंच, मांडी अशी की बैल हाकणाऱ्या धुरकऱ्याने हात जोडावेत. साळा म्हणाला, "भाऊजी, हा बाराशे मीटरवर आजवर एकदाही पहिल्या पाचांत आलेला नाही. पुस्तकात लिहिलंय." मी त्याच्यावर दोनशे रुपये 'विन', म्हणजे तो पहिला येण्यावर, लावले. सहा नंबर दहा घोड्यांत नववा आला, आणि दहावा जो आला त्याने सुरुवातीलाच गेटमधून निघायला उशीर केला होता.

सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली मद्रासच्या खटल्यात घोड्यांची शर्यत हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे असे म्हटले आहे, आणि घोड्याचा वंश, त्याची तयारी, जॉकी यांचा अभ्यास करून पैज लावणाऱ्याचे कौशल्यही त्यात धरले आहे. माझ्या कौशल्याचा निकाल सव्वा मिनिटात लागला होता. बैलाला पटाच्या दाणीवर, म्हणजे धावपट्टीवर, काही सेकंदांत सगळे देऊन टाकायचे असते. घोड्याच्या पाठीवर एक माणूस बसलेला असतो आणि केव्हा द्यायचे हे तो ठरवतो. एवढी साधी गोष्ट लक्षात यायला मला चार खेपा लागल्या.

आता टोटविषयी, म्हणजे मैदानावरच्या खिडकीवर तिकीट काढून पैज लावण्याच्या पद्धतीविषयी, थोडे लिहितो, कारण नागपूरला परतल्यावर मला लोक सर्वांत जास्त याविषयीच विचारतात आणि त्यांच्या डोक्यात चित्र असते ते आकडा लावण्याचे. टोटमध्ये समोर कोणी 'खाणारा' नसतो. एका शर्यतीत 'विन'च्या तिकिटांवर जमलेले सगळे पैसे एकत्र केले जातात, त्यातून कर आणि क्लबचा वाटा काढला जातो आणि उरलेले पैसे जिंकलेल्या घोड्याच्या तिकिटांवर वाटून टाकतात. पॅरिसच्या जोसेफ ओलेरने १८६०च्या दशकात ही रीत काढली आणि तिच्या मुळाशी साधा भागाकार आहे. समजा, एक लाख रुपये जमले आणि वजावटीनंतर पंचाहत्तर हजार उरले. जिंकलेल्या घोड्यावर तीस हजारांची तिकिटे असतील, तर दहा रुपयांना पंचवीस मिळतील. त्याच घोड्यावर साठ हजारांची तिकिटे असतील, तर दहाला साडेबारा. घोडा तोच, पळणे तेच. बरोबर असणाऱ्यांची संख्या वाढली की बरोबर असण्याची किंमत उतरते. म्हणून टोटच्या पडद्यावर बदलणारे आकडे मी घोड्यांपेक्षा माणसांविषयीची माहिती म्हणून वाचतो. बुकीकडे मात्र लावताना जो भाव ठरतो तोच शेवटपर्यंत राहतो, आणि तिथे समोर खाणारा माणूस असतोच. मी त्या बाजूला जात नाही, कारण घासाघीस मला भाजीबाजारातही जमत नाही.

त्या भागाकारातला वजावटीचा आकडा मात्र लेखापालाच्या छातीत धडकी भरवणारा आहे. पैजेच्या पूर्ण रकमेवर आधी २८ टक्के जीएसटी होता, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तोच ४० टक्के झाला. माझा रविवार त्याच्या आधीचा, म्हणून २८ मध्ये सुटला. शिवाय मोठी रक्कम जिंकली तर तिच्यातून तीस टक्के आयकर आधीच कापून घेतात, ज्याची मला आजवर गरज पडलेली नाही. एवढी वजावट असलेल्या खेळात वर्षभर लावून कोणी फायद्यात राहत असेल, तर त्याच्या वह्या मला एकदा तपासायला मिळाव्यात. आणखी एक गंमत कायद्याची आहे: १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याने घोड्यांच्या शर्यतीवरची पैज परवानाधारक मैदानाच्या आवारात वगळली आहे, त्यामुळे जे तिकीट मी खिडकीवर रांगेत उभा राहून राजरोस काढले, तीच पैज सीताबर्डीच्या पानठेल्यावर लावली असती तर पोलिसांनी मलाही वर्तमानपत्रात छापले असते.

दुसऱ्या शर्यतीत मी शहाण्यासारखा वागलो आणि सगळ्यांच्या आवडत्या घोड्यावर शंभर 'विन' व शंभर 'प्लेस', म्हणजे पहिल्या काहींत येण्यावर, लावले. तो तिसरा आला. 'प्लेस'चा भाव दहाला अकरा निघाला, म्हणजे शंभराचे एकशे दहा, म्हणजे दोनशे देऊन नव्वदांचे नुकसान. शहाणपणाचा भाव रेसकोर्सवर इतकाच असतो. तिसऱ्या शर्यतीला मी काहीच लावले नाही. चहा घेतला आणि बाकावर बसून पुस्तक उघडले.

चौथी शर्यत चौदाशे मीटरची हँडिकॅप होती. हँडिकॅप म्हणजे काय, हे मला साळ्याने पहिल्या खेपेस समजावले होते. घोड्याचे रेटिंग जेवढे जास्त, तेवढे त्याच्या पाठीवर वजन जास्त, आणि रेटिंगच्या एका गुणाला अर्धा किलो, असा हिशेब. सगळे घोडे एकाच वेळी खांबाशी पोहोचावेत अशी हँडिकॅपरची इच्छा असते; जॉकी हलका पडला तर खोगिराखाली शिसे घालून वजन भरतात, आणि शर्यतीनंतर जॉकीला पुन्हा काट्यावर उभे करतात. अशी समता मी सरकारी वेतन आयोगातसुद्धा पाहिली नाही. चार नंबरच्या पाठीवर ५४ किलो होते, वरच्या घोड्यापेक्षा सहा कमी. मागच्या दोन खेपांना तो शेवटच्या दोनशे मीटरमध्ये बरेच अंतर कापत आला होता, आणि या खेपेस शर्यत दोनशे मीटरनेच लांब होती. मैदान किती ओले आहे ते पेनेट्रोमीटर नावाच्या साधनाने मोजून जाहीर करतात; त्या दिवशीचे मैदान भिजलेले होते आणि चार नंबरची मागची चांगली धाव अशाच मैदानावरची होती. हे सगळे माझे मी शोधून काढले. पॅडॉककडे मुद्दाम गेलो नाही. दोनशे रुपये 'विन'.

गेट उघडले ते मैदानाच्या पलीकडे, त्यामुळे आरंभी घोडे म्हणजे कुंपणावरून सरकणारी रंगीत टोप्यांची ओळ एवढेच दिसत होते. समालोचकाच्या आवाजात चार नंबरचे नाव सातव्या ठिकाणी येत होते, मग सहाव्या. वळण संपून ते सरळ मार्गाला लागले तेव्हा लोक उठून उभे राहिले, आणि मग तो आवाज आला जो दूरदर्शनवर कधीच येत नाही: आधी पायांखालच्या पायरीतून, नंतर कानांतून. चार नंबर बाहेरच्या बाजूने येत होता. माझ्या शेजारी एक पारशी वृद्ध गृहस्थ होते, त्यांनी शर्यतभर तोंडातून एक शब्द काढला नव्हता. त्यांनी माझा दंड धरला. दोन घोडे एकाच वेळी खांबावरून गेले. चार नंबर खांबाच्या चार पावले अलीकडे मागे होता आणि चार पावले पलीकडे पुढे होता, यावर आमच्या दोघांचे एकमत झाले.

फोटो फिनिशचा निकाल लागेपर्यंत तीन-चार मिनिटे गेली असतील. माझ्या हातातले तिकीट घामाने मऊ झाले होते. त्या कागदावर शर्यतीचा क्रमांक, घोड्याचा क्रमांक आणि रक्कम एवढेच छापलेले असते, आणि मी ते इतक्या वेळा वाचले की मला त्याचा अनुक्रमांकही पाठ झाला. पडद्यावर आधी नऊ आला, मग चार. शॉर्ट हेड, म्हणजे घोड्याच्या डोक्याच्या लांबीपेक्षाही कमी अंतर. पारशी गृहस्थांनी माझा दंड सोडला, आपल्या पुस्तकात बारीक अक्षरांत काहीतरी लिहिले आणि मला हिंदीत म्हणाले, "आपने सही पढ़ा था." त्यांचे पैसे नऊवर होते.

त्यानंतरच्या पाचव्या शर्यतीत मी शंभर रुपये घालवले ते केवळ चवथीचा राग म्हणून, त्यामुळे तिच्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही. पाचवी आणि सहावी यांच्यामधल्या वेळात साळ्याने विषय काढला की, हे घोडे म्हातारे झाल्यावर जातात कुठे. काही स्टड फार्मवर पैदाशीसाठी जातात, काही रायडिंग स्कूलमध्ये. पण या प्रश्नाला पुण्यात एक वेगळे उत्तर आहे. पूनावाला कुटुंबाच्या स्टड फार्मवरचे निवृत्त घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेला सीरम तयार करण्यासाठी दिले जात. ते सीरम आपणच का करू नये, या विचारातून सायरस पूनावालांनी १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट काढली. २०२१ मध्ये नागपुरात भर उन्हाळ्यात रांगेत उभे राहून मी कोव्हिशील्डचा जो डोस घेतला, त्याची वंशावळ अशी रेसच्या घोड्यापर्यंत जाते. त्या हिशेबाने मी टर्फ क्लबचे देणे लागतो, असे साळ्याचे म्हणणे पडले आणि त्याने चहाचे पैसे माझ्याकडून घेतले.

सहाव्या शर्यतीच्या आधी मात्र मला राहवले नाही आणि मी पुन्हा पॅडॉकच्या कठड्याशी गेलो. सात घोडे फिरत होते. तिघांना मांड्यांच्या आतल्या बाजूला पांढरा फेस आला होता, एक सारखा मान उडवत होता. दोन नंबरची घोडी, अंगाने लहानशी, काळपट, कुठेही न पाहता चालत होती. पाऊस पुन्हा भुरभुरू लागला तेव्हा तिने फक्त एक कान फिरवला. मांडीविषयी आजोबांनी काही बरे म्हटले नसते. डोळ्याविषयी म्हटले असते. पुस्तक तिच्या बाजूने नव्हते आणि विरुद्धही नव्हते. मी शंभर रुपये लावले, साळ्याने लावले नाहीत, आणि ती दोन लेंग्थने, म्हणजे दोन घोड्यांच्या लांबीइतक्या अंतराने, जिंकली. भाव दहाला सत्तेचाळीस. खिडकीवरच्या माणसाने चारशे सत्तर रुपये माझ्याकडे न पाहताच सरकवले, पण मी ते मोजून घेताना शक्य तितका वेळ लावला.

सातव्या शर्यतीत ते पैसे डोक्यात गेले आणि मी दोनशे रुपयांची 'तानाला'ची तिकिटे काढली, म्हणजे पहिले तीन घोडे अचूक क्रमाने सांगायचे. माझ्या तिघांपैकी एक चौथा आला. बाकीच्या दोघांचा मी शोध घेतला नाही.

नागपूरला परतल्यावर वही काढून हिशेब मांडला. लावले एक हजार, परत आले पाचशे ऐंशी. प्रवेश, पुस्तक, रिक्षा आणि दोन वेळचा चहा वेगळा. साळ्याचा फोन आला की चार नंबरचे रेटिंग वाढवले आहे, त्यामुळे पुढच्या खेपेस त्याच्या पाठीवर जास्त वजन राहील; हरला तो शॉर्ट हेडने आणि वर शिक्षाही त्यालाच, यावर आम्ही दोघांनी फोनवर बराच वेळ हळहळ व्यक्त केली. ही समोर बसून नातवाच्या बैलाच्या शिंगांना सोनेरी रंग देत होती. फोन ठेवल्यावर तिने विचारले, "अहो, नक्की गेले किती?"

"चारशे वीस," मी म्हणालो.

तिने ब्रश खाली ठेवला. त्या कलमाचा आकडा नव्या कायद्यात आता ३१८ झाला आहे, असे मी सांगून पाहिले. पण आमच्याकडे जुनाच चालतो. "वहीत तरी चारशे एकवीस लिहा," ती म्हणाली, आणि रंगाच्या डबीसाठी एक रुपया माझ्याकडून मागून घेतला.